गुळाच्या कोठीतला सिनेमा

आमच्या घरातले पुरुष गूळ घेऊन सांगलीला जात आणि येताना सिनेमा बघून येत. गुळाचं काम एका दिवसात उरकायचं, पण मुक्काम नेहमी दोन दिवसांचा पडायचा आणि त्याचं खापर दरवर्षी अडत्याच्या डोक्यावर फुटायचं. परत आले की सोप्यात बसून सिनेमाची गोष्ट सांगणं चाले. आम्ही बायका सैपाकघराच्या दाराआड. नटी रडली, एवढं ते सांगत. का रडली, कशी रडली, लुगडं कुठलं नेसली होती, यातलं एक अक्षर नाही. घोडा मात्र ओढ्यावरून कसा उडाला ते उठून उभं राहून दाखवत. भाकरी थापता थापता आई म्हणायची, "ह्यांच्या शिनेमात घोड्याबिगर कोन न्हाईच काय गं?"

आमच्या घराला गोषा होता. बायकांनी उंबऱ्याबाहेर पडायचं ते पडदा लावलेल्या गाडीतून, आणि तेही माहेरी, देवाला, नाहीतर दवाखान्यात. सांगलीच्या थेटरात बायकांना बसायला वेगळी जागा असते असं आमच्या कानावर होतं. पण गाडीतून उतरून चारचौघांतून त्या जागेपर्यंत चालत जायचं कुणी? आईनं सांगली बघितली होती ती मिरजेच्या दवाखान्यात जाताना, गाडीच्या पडद्याच्या फटीतून. एक टांगा आणि एक फुगेवाला, एवढीच तिची सांगली. तरी शेजारणींना ती ऐटीत सांगायची, "मी बघितलंय, लय मोठं गाव हाय."

लढाई संपल्यावर माझा थोरला भाऊ पलटणीतून सुटून घरी आला. त्याला मी दादा म्हणायचे. दुसऱ्यांची पोरं घोंगड्या, घड्याळं, बूट घेऊन आली होती. दादानं आणली एक लाकडी पेटी आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. पेटी उघडली तर आत दांडा फिरवायचं एक काळं यंत्र.

"हे काय रं? शिवायच्या मशिनीचं डोस्कं हाय व्हय?" आईनं विचारलं.

"शिनेमाचं यंत्र हाय. तुला शिनेमा बघायचाय न्हवं?"

आई पेटीपाशी उकिडवी बसली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मी कवा म्हनले तसं?" पण तिनं पेटीवरची धूळ त्याच पदरानं पुसली.

यंत्र होतं एका गोऱ्या साहेबाचं. तो विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सगळं सामान लोकांनी उचललं, यंत्राला मात्र कोणी विचारीना. दादानं ते जवळजवळ फुकटात मिळवलं. बिस्किटाच्या डब्यात फिल्मची रिळं होती आणि ती साहेबानं आपल्या घरच्या माणसांची स्वतःच काढलेली होती. आपल्या आईची, पोराबाळांची चित्रं कोणी टाकून जातं का, असं मी विचारलं. दादा म्हणाला, "साहेब घरीच निघाला हुता. आता चित्रं कशाला बघंल? मानसंच बघंल की." मला ते पटलं.

आमचे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, त्यांना मात्र काहीच पटलं नाही. "घरात असला चावटपना नगं," असं म्हणून ते उसाला पाणी पाजायला निघून गेले. सांगलीतला चावटपणा ते दरवर्षी बघत, पण तो सांगलीत होता.

खोलीचा प्रश्न सुटायला वेळ लागला नाही. आमच्या घराच्या कडेला गुळाची कोठी होती. लांबोडकी, जाड मातीच्या भिंतींची, खिडकी एकही नाही, वाऱ्यासाठी अंगणाच्या बाजूला भिंतीत एक भोक तेवढं. गूळ विकून झाला की उन्हाळाभर ती मोकळी पडायची. तिला दोन दारं: एक अंगणात, गाड्या लावून ढेपा चढवायला, आणि दुसरं आतून, सैपाकघरातून. भर दुपारी दोन्ही दारं लावली की आपला हात आपल्याला दिसायचा नाही. दादा म्हणाला, सांगलीच्या थेटरात पण इतका अंधार नसतो.

पैसा खर्चायचा नाही, हे तात्यांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळं घरात नाही ते सिनेमात नाही. पडद्याला तात्यांची दोन जुनी धोतरं मधोमध जोडून शिवली. बसायला गुळाखालची तरटं झटकून घातली. भुई मी शेणानं सारवली, तीन वेळा सारवली, तरी पायाला चिकटायचीच. आणि मुंग्या! वर्षानुवर्षं गूळ ठेवलेली ती जागा मुंग्या काय सोडणार? आईनं चारी बाजूंनी हळदीच्या रेघा ओढल्या. मुंग्या रेघेपर्यंत यायच्या, विचार करायच्या आणि फेरा घेऊन आत यायच्या.

खरी अडचण उजेडाची. यंत्राला वीज लागायची आणि वीज आमच्या गावात नव्हती. दादानं आधी गॅसबत्ती लावून बघितली. धोतरावर काहीतरी हललं, पण ती बाई होती की म्हैस यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. दोन दिवस दादा खट्टू होऊन बसला. तिसऱ्या दिवशी तो न विचारता आईचा आरसा घेऊन अंगणात गेला.

पलटणीत दादाचं काम आरशाचंच होतं. या डोंगरावरून त्या डोंगरावर ऊन चमकवून निरोप धाडायचे. तिथं कोसावर ऊन फेकणाऱ्याला भिंतीतल्या भोकातून फेकणं काय जड? अंगणात तिवईवर आरसा ठेवला, ऊन भोकातून आत आलं, यंत्रातून गेलं आणि धोतरावर असा लख्ख चौकोन पडला की आम्ही सगळे एकदम मागं सरलो. ऊन इतकं कडक की फिल्म पोळायची. म्हणून दादानं मिरजेच्या औषधाची एक चपटी चौकोनी बाटली पाण्यानं भरून मध्ये ठेवली आणि दांडा थांबला की भोकावर पाडायला पत्र्याची एक झडप केली. म्हणजे आमचा सिनेमा दुपारचा, आणि ढग आला की बंद.

"आन् मी कुकू काय हंड्यातल्या पान्यात बघून लावू?" आई कुरकुरली. पण आरसा तिनं परत मागितला नाही.

ऊन सरकतं तसा आरसा फिरवायला बाहेर कोणीतरी लागायचं. पहिल्या दिवशी गडी बसला आणि डुलक्या घेऊ लागला. तात्या बघत होते. थोडा वेळ त्यांनी दम धरला, मग म्हणाले, "सरक तिकडं, तुज्या बानं कवा आरसा धरला हुता?" आणि छत्री उघडून स्वतः बसले. तेव्हापासून ते काम त्यांचंच. आतला चावटपणा त्यांनी बघितला नाही, पण त्यांच्यावाचून तो चालत नाही हे गावभर सांगितलं.

आता गोष्याचं काय? पुरुष आणि बायका एका खोलीत कशा बसणार? दादानं त्यावरही तोड काढली. पडदा कोठीच्या मधोमध टांगला. पुढच्या अंगाला यंत्र आणि पुरुष, ते अंगणाच्या दारानं येणार. मागच्या अंगाला बायका, त्या सैपाकघरातून येणार. धोतर पातळ होतं. ते ओलं केलं की चित्र मागूनही तितकंच झकास दिसायचं. दर थोड्या वेळानं ते वाळायचं आणि चित्र मागच्या बाजूला पुसट व्हायचं. मग तांब्यातलं पाणी हातानं शिंपडायचं, सगळीकडं सारखं, बसलेल्यांवर न उडवता. हे काम माझं.

इथं माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी डावखुरी. जन्मापासूनची. जेवताना डावा हात पुढं आला की आई त्यावर फटका मारायची, शाळेत मास्तर छडी मारायचे. उजव्या हातानं जेवायला, वाढायला मी शिकले, पण घाईत, रागात, आनंदात डावाच पुढं यायचा. आई वाईट नव्हती. डाव्या हातानं वाढलेलं कोणी जेवत नाही, डाव्या हातानं दिलेलं कुंकू कोणी लावून घेत नाही, मग या पोरीला घर कुठलं मिळणार, या काळजीनं ती मारायची. आणि तिचं खरंच होतं. माझी दोन स्थळं त्याच पायी मोडली होती. एका ठिकाणी मी पाहुणीला डाव्या हातानं पाण्याचा तांब्या दिला, तर ती पाणी न पिता उठली. त्या दिवशी आई माझ्यावर रागावली नाही. चुलीपुढं बसून नुसती रडली, आणि फटक्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

सिनेमाचा पहिला दिवस उगवला. सैपाकघराच्या दारानं आळीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. पलीकडून पुरुषांचं खाकरणं ऐकू येत होतं. दादा ओरडला, "तात्या, ऊन!" झडप वर गेली, दांडा कुरकुरला आणि आमच्या तात्यांच्या धोतरावर विलायत आली.

बाग होती. टेबल होतं. पांढऱ्या केसांची एक म्हातारी खुर्चीत बसून किटलीतून कपात चहा ओतत होती. शेजारी एक जाडा गृहस्थ एकामागून एक काहीतरी खात होता. दोन पोरं, एक कुत्रं, एक साहेब, एक मडम. म्हातारी मडमेला काहीतरी बोलली, मडमेनं तोंड फिरवलं. लगेच बायकांत कुजबुज, "सासू हाय. सासूच हाय. बघ, सून कशी फुगली." "घरोघरी मातीच्या चुली गं बाई." मग जाड्या गृहस्थाची खुर्ची मोडून तो उताणा पडला आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना एकदम असा हशा उठला की दादाही दांडा फिरवायचं विसरला. झालं, ऊन एका जागी लागलं आणि जाड्याच्या पोटाला भोक पडून ते वाढत गेलं. दादानं झडप पाडली, फिल्म कापून जोडली. त्यानंतर दर वेळी तो खुर्चीवरून पडायचा आणि पुरा पडायच्या आत उठून बसलेला असायचा.

मी हसत होते, पण माझं लक्ष म्हातारीकडं होतं. ती डाव्या हातानं चहा ओतत होती. पहिल्यांदा मला वाटलं, उजव्याला काही लागलं असेल. पण साहेबानं पाहुण्याशी हात मिळवला तो डावा. पोरं डाव्या हातानं खात होती. मडम डाव्या हातानं केस सारखे करत होती. सगळेच्या सगळे डावखुरे! कोणी कोणाच्या हातावर मारत नव्हतं. जगात कुठंतरी असा मुलूख आहे, तिथं मी जन्माला आले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं, असं मनात आलं. तांब्या हातात धरून मी तशीच उभी राहिले. पडदा वाळला, चित्र पुसट झालं आणि बायकांनी एका सुरात माझ्या नावानं शंख केला.

बायकांनाही हात दिसले होतेच. "गोऱ्यांची रीतच तशी," असा निकाल लागला. घरोघरी जाऊन त्यांनी तो नवऱ्यांना ऐकवला आणि आळीत भांडणं लागली. नवरे म्हणत, म्हातारी उजव्या हातानं ओतते. बायका म्हणत, डाव्या. "मी काय आंधळी हाय?" "मग मी काय प्यालोय?" एका घरात तर त्यावरून दोन दिवस नवऱ्याला कोरडी भाकरी मिळाली.

खरं काय ते मला पुढं कळलं. एका दुपारी पुरुष कोणी नव्हते, दादा फिल्मचा सांधा तपासत होता आणि झडप धरायला त्यानं मला पुढच्या अंगाला बोलावलं. दांडा फिरला. म्हातारी उजव्या हातानं चहा ओतत होती.

"दादा, तू फिल्म उलटी घातलीस," मी म्हणाले.

"सुलटीच हाय. तुमास्नी मागनं उलटी दिसती." त्यानं मला समोर उभं केलं आणि म्हणाला, "माझा उजवा हात तुझ्या कुठल्या हाताम्होरं येतो? बघ. तसंच हाय त्ये."

मी बघितलं आणि मला रडूच कोसळलं. दादाला कळेना काय झालं. माझा मुलूखच नाहीसा झाला होता, हे त्याला कसं सांगायचं? मी म्हणाले, डोळ्यात मुंगी गेली. पण आईला आणि आळीतल्या बायकांना मी ते उलटसुलटाचं सांगितलं. आईला पटलं. बाकीच्या म्हणाल्या, दादानं तुला भुलवलं, पुरुष पुरुषांचीच बाजू घेणार.

त्यानंतर शिराळ्याकडचं स्थळ आलं. बाई, म्हणजे मुलाची आई, आणि तिचा नवरा गाडी करून आले ते सिनेमा बघायला, असंच दोन्हीकडून बोललं गेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार सगळ्यांना ठाऊक होता. बाई अंगानं थोराड, आवाज खणखणीत. शिराळ्याची म्हणजे नागपंचमीला जिवंत नागाला भाऊ म्हणून ओवाळणारी. बोलताना ती सरळ डोळ्यात बघायची. मला ती बघताक्षणी आवडली, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. आईनं माझ्या डाव्या हाताच्या बांगड्या दोऱ्यानं कमरेच्या लुगड्याला बांधून ठेवल्या, हात चुकून पुढं येऊ नये म्हणून.

सिनेमा सुरू झाला. बाई पुढं वाकून बघत होती, हसत होती, म्हातारीला दाद देत होती. ऊन कडक, पडदा भराभर वाळत चालला. मी उठले. उजव्या हातानं शिंपडलं तर पाहुणी नखशिखांत भिजणार हे मला पक्कं माहीत होतं. उजव्यात तांब्या धरला, दोरा तटकन तोडला आणि डाव्या हातानं पडदाभर पाणी उडवलं. पडद्याचा सगळा उजेड माझ्यावर. आईनं मागून पोटरीला असा चिमटा काढला की मी कळवळले.

"आवं, कशाला चिमटं काढताया पोरीला?" बाई म्हणाली. "बघितलं मी. डावी हाय न्हवं?"

आईनं चिमटा काढलेला हात पदराखाली लपवला.

"असू द्या की. त्या म्हातारीचं बघा. डाव्या हातानं च्या वततीया, डाव्या हातानं नातवाला भरवतीया, आन् समदं घर तिच्या धाकात. डाव्या हातापायी तिचं काय अडलंय का?"

संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं तात्यांना सांगितलं, पोरगी पसंत आहे. आईनं सैपाकघरात मला जवळ ओढून माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

"पर आई, ती म्हातारी डावी न्हाईच," मी म्हणाले.

"गप. आपून काय खोटं बोललो का? जितं बसली तितनं दिसलं ते तिनं बघितलं."

"आन् उद्या तिला कुनी सांगितलं म्हंजी?"

"तवाचं तवा. आदी लगीन लागू दे."

आईचं मला कळत होतं. दोन स्थळं मोडलेली पोर पदरात, तिसरं चालून आलेलं, अशा वेळी कोण तोंड उघडणार? पण मला त्या घरात राहायचं होतं. एखाद्या दिवशी कोणीतरी सांगणार, विलायतेतले लोकही उजव्याच हातानं खातात, आणि ती बाई माझ्याकडं बघणार. तो दिवस आज येतो की उद्या, याची वाट बघत वाढायचं, जेवायचं, पोरं वाढवायची? त्यापेक्षा तिनं आत्ताच नको म्हटलेलं बरं. असं मनाशी म्हणायला सोपं होतं. खरं तर ती नको म्हणाली असती तर मी कोलमडलेच असते.

सकाळी ऊन चढल्यावर दादा पाहुण्याला घेऊन ऊस दाखवायला गेला. तात्या गुडघा धरलाय म्हणून मागं राहिले होते. मी त्यांना म्हणाले, पाहुण्या बाईंना परत सिनेमा बघायचाय. ते छत्री घेऊन आनंदानं आरशापाशी जाऊन बसले. मग मी बाईंना म्हणाले, "आज पुरुष कोन न्हाईत. तुमी म्होरल्या अंगानं बघा. लय छान दिसतं."

आई सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मानेनं नको नको म्हणत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

बाई यंत्राशेजारी तरटावर बसली. मी पडदा ओला केला, झडप उघडली आणि दांडा फिरवू लागले. बाग आली, टेबल आलं, म्हातारी आली. म्हातारीनं उजवा हात पुढं केला, किटली उचलली आणि चहा ओतला.

बाई उठली. पडद्याची कड बाजूला सारून ती मागं गेली. तिथं थोडा वेळ थांबली. परत पुढं आली. परत मागं. तिसऱ्यांदा येताना ती उन्हाच्या झोतातून चालत आली आणि तिची मोठी सावली त्या टेबलावर, म्हातारीवर पसरली. मला दांडा फिरवणं होईना. मी झडप पाडली. अंधारात गुळाचा वास तेवढा राहिला.

"म्हातारी एकच हाय न्हवं?" बाईचा आवाज आला.

"व्हय."

"हितनं उजवी, आन् तितनं डावी."

"व्हय. खरी उजवीच हाय. मला ठावं हुतं."

"मंग काल का न्हाई बोललीस?"

"भ्याले."

"आन् आज?"

"आजबी भ्यालीयाच," मी म्हणाले. "पर तुमच्या घरात येऊन जल्मभर भ्यायचं न्हाई, म्हनून दावलं."

माझ्या पायावर मुंग्या चढत होत्या, पण त्या झटकायचं सुचत नव्हतं.

"च्या सांडला का गं?" तिनं विचारलं.

मला समजलंच नाही. "आं?"

"त्या म्हातारीनं. तितनं डाव्या हातानं वतला तवा काय सांडला न्हाई. मी नीट बघितलं. हितनं उजव्या हातानं वतला, तवा सांडला का?"

"न्हाई."

"मंग झालं तर," बाई म्हणाली आणि तरटावर नीट मांडी घालून बसली. "उघड ते. त्या जाड्याची खुर्ची मोडायची ऱ्हायलीया."

दारात आईनं पदर तोंडाला लावला. मी झडप वर केली, पण धोतरावर उजेड अर्धाच पडला.

बाहेरून तात्यांची हाक आली, "ऊन सरकलं गं! आरसा फिरवू का ठिवू?"

सासूला आमच्याकडं ज्या नावानं हाक मारतात ते माझ्या तोंडून आपोआपच गेलं.

"फिरवा की, तात्या," मी आतून ओरडले. "आत्याबाईंना म्होरलं बघायचंय!"